पाणी भरपूर, तरी भात पोचट

पेडणे तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: घरची शेती दोन जागी. खालचा खेर, म्हणजे सखल शेत, सुमारे ७,००० चौरस मीटर, त्याला कालव्याचं पाणी. तिथे सरद (पावसाळी) आणि वायंगण (हिवाळी-उन्हाळी) दोन्ही हंगामांत ज्योती जातीचं भात. वरची मोरड, म्हणजे चढावरची जमीन, ४,००० चौरस मीटर, निव्वळ पावसावर. मागच्या हंगामात मे महिन्यातच पाऊस लागला म्हणून सासऱ्यांनी रोहिणी नक्षत्रात तरवा (लावणीसाठीच्या रोपांची पेरणी) घातला. मग पंधरा दिवस कडक ऊन पडलं आणि अर्धा तरवा करपला. उरलेल्या रोपांची लावणी झाली, ते भात सप्टेंबरअखेर पावसात पिकलं, आडवं झालं आणि शेतातच रुजलं. मोरडीवरचं भात ऑगस्टच्या उघडिपीत सुकलं. आडवं भात हाताने कापेपर्यंत ऑक्टोबर संपला, कालव्याचं पाणीही उशिरा सुटलं, म्हणून वायंगणाचा तरवा २० डिसेंबरला पडला. पाणी भरपूर मिळालं, तरी लोंबीतले जवळजवळ निम्मे दाणे पोचट निघाले.

आता दीर म्हणतात, कर्ज काढून मोरडीवर बोअर मारू, दोन्हीकडे वायंगण करू, सरद बंद. नवरा म्हणतो, मोरडीवर काजू लावून मोकळे होऊ. भगिनी विचारतात, "हवामान बदललंय, तर पावसावरची शेती सोडून पाण्यावरची वाढवावी, हेच शहाणपणाचं ना? आणि तरव्याची तारीख बदला म्हणून सासऱ्यांना कसं सांगू?"

ताई,

तुमचं पत्र तुम्हीच पुन्हा एकदा वाचा. सर्वांत वाईट दाणा कुठे निघाला? कालव्याच्या पाण्यावर. ज्या शेतावर आता सगळा भार टाकायचा म्हणताय, त्याच शेताने पाणी असून तुम्हाला दगा दिला. म्हणजे "पाणी आहे तिथे भीती नाही" हा तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेला समज तुमच्याच अनुभवाला पटत नाही.

हवामान बदलाची झळ पावसावरच्या शेताला एका रीतीने बसते, पाण्यावरच्या शेताला दुसऱ्या रीतीने. पावसावरच्या शेताला पाऊस कधी पडला याची झळ. पाण्यावरच्या शेताला उन्हाची, रात्रीच्या उष्म्याची आणि कालवा कधी सुटला याची झळ. दोन्हीकडे घोटाळा तारखांचा आहे, म्हणून आधी तारखाच बघू.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. भाताला एवढं पाणी लागत नाही, म्हणजे एकूण पाऊस कमी पडतोय ही आपली अडचण नव्हे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मध्ये लांब उघडीप देतो. २०२३चा ऑगस्ट देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात आला. २०१९च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळाच्या पावसाने गोव्यातलं कापणीला आलेलं भात झोपवलं. सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी घडी विस्कटलेली.

तुमच्या सासऱ्यांची चूक म्हणाल तर एवढीच, की त्यांनी तरव्याची तारीख आभाळाकडे बघून ठरवली. पूर्वी ते चालायचं, कारण पाऊस लागला की टिकायचा. आता तारीख कापणीपासून उलटी मोजावी लागते. ज्योती १२० ते १२५ दिवसांचं भात. २६ मेला पेरलं तर ते २५ सप्टेंबरच्या सुमारास पिकणार, म्हणजे उत्तरा संपून हस्त लागताना, ऐन पावसात. तेच ८ ते १० जूनला, मृगात पेरलं तर ८ ते १० ऑक्टोबरला, चित्रा लागायच्या तोंडाशी पिकतं. ऑक्टोबरातही दुपारी गडगडून सरी येतातच, पण चार-पाच दिवसांची उन्हं मिळण्याची आशा तिथे जास्त. सासऱ्यांना हवामान खात्याचे आलेख दाखवू नका. नक्षत्रं त्यांची पाठ आहेत, त्यांच्याच भाषेत विचारा, "बाबा, भात हस्तात कापायचं की चित्रात?" उत्तर तेच देतील. आणि चवथीला नव्याची कणसं कुठून आणायची, असं ते म्हणाले तर म्हणणं रास्त आहे. तेवढ्यापुरता एक कोपरा हळव्या (लवकर पिकणाऱ्या) जातीचा लवकर पेरून द्या, बाकीचा खेर मृगावर ठेवा.

तरवाही एकाच दिवशी सगळा घालू नका. खेराच्या ७,००० चौरस मीटरला ३५ किलो बियाणं आणि सुमारे ७०० चौरस मीटर रोपवाटिका लागते. त्याचे दोन भाग करा, एक ८ जूनला, दुसरा आठ दिवसांनी. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगेल ते काढून टाका, बुडालेलं दोन-तीन वेळा साध्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवा. रोपं सपाट जागेवर न घालता गादीवाफ्यावर घाला: रुंदी एक ते सव्वा मीटर, उंची १० ते १५ सेंटिमीटर, मध्ये पाण्याला वाट. मुसळधार पावसात सपाट जागेतलं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि उघडीप पडली तर त्याच जागेवर पापुद्रा धरून कोंब अडतो. गादीवाफ्याला उघडिपीत झारीने पाणी द्यावं लागतं, हे खरं. पण ७०० चौरस मीटरला पाणी देणं घरच्या विहिरीवर जमतं, ७,०००ला जमत नाही.

रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की लावा. पाऊस थांबून लावणी लांबली आणि रोप महिन्यापलीकडे गेलं, तर फुटवे कमी येणार हे धरून चाला. मग एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) दोनऐवजी तीन-चार रोपं घ्या आणि अंतर १५ बाय १५ सेंटिमीटरवर आणा.

खताबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मोठ्या पावसात पैसा तिथेच वाहून जातो. फेकलेला युरिया एका रात्रीच्या पावसात ओहोळाला जातो. चोवीस तासांत जोराचा पाऊस सांगितला असेल तर युरियाच्या गोणीला हात लावू नका. पाणी दोन-तीन बोटं ठेवून बांधाची तोंडं बंद करा, मग खत द्या. यापेक्षा बरी वाट युरिया-डीएपी खताच्या ब्रिकेटची, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांची. चारसूत्री नावाच्या भातलागवडीच्या पद्धतीत रोपं १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावतात आणि दर चार चुडांच्या मधोमध सुमारे २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी सुमारे १७० किलो ब्रिकेट लागतात, म्हणजे तुमच्या खेराला १२० किलो. चिखलात खोलवर हवा नसते, त्यामुळे नत्र तिथे टिकून राहतं आणि मुळं हळूहळू घेतात. काम वेळखाऊ आहे. लावणीच्याच दिवशी, चिखल मऊ असताना उरकलं तरच होतं. दुसऱ्या दिवशी माणसं येत नाहीत हे काय तुम्हाला सांगायला हवं?

आता वायंगणाकडे. दाणा पोचट का झाला, हे आधी नक्की करू, नाहीतर पुढच्या वर्षी चुकीचं औषध फवारलं जाईल. घरात पेंढा किंवा राखून ठेवलेल्या लोंब्या असतील तर उजेडात नेऊन बघा. अख्खी लोंबी पांढरी पडलेली आणि ओढताच देठासकट हातात आली असेल, तर तो खोडकिडा. लोंबीची मान काळपट पडून तिथे मोडत असेल, तर मानेचा करपा. दाण्यावर तपकिरी ठिपका आणि आत अर्धवट भरलेला दाणा, तर लोंबीवरच्या ढेकण्याने दूध शोषलंय. लोंबी पूर्ण बाहेरच पडली नाही, खालचे दाणे पोटरीत (लोंबीभोवतीच्या पानाच्या वेष्टनात) अडकून राहिले, तर बहुधा पोटरीच्या वेळी पाण्याची पाळी चुकली. आणि लोंबी नीट बाहेर आलेली, ताठ, डाग नाही, मान शाबूत, पण मध्ये मध्ये दाणे रिकामे, असं असेल तर फुलोऱ्यातली उष्णता.

तुमच्या तारखांवरून मला शेवटचं कारण जास्त संभवतं. २० डिसेंबरचा तरवा, ज्योतीचा फुलोरा पेरणीपासून साधारण नव्वद दिवसांनी, म्हणजे २० मार्च. भाताचं फूल सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान उमलतं आणि एकेक फूल जेमतेम तासभर उघडं असतं. त्या तासात पारा ३५ अंशांपलीकडे गेला की परागकोश नीट फुटत नाहीत, फुटले तरी पराग चिकटत नाही, आणि दाणा रिकामा राहतो. नंतर कितीही पाणी द्या, तो भरत नाही. गोव्यात मार्चच्या आरंभीच उष्णतेच्या लाटेचे इशारे मिळू लागले आहेत. २०२३च्या मार्चमध्ये तसं झालं होतं.

यात रात्रीचा उष्मा वेगळाच. दिवसा पानांनी कमावलेलं रात्री झाड श्वासात खर्च करतं. रात्र जितकी उबदार, तितका खर्च जास्त. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्याच शेतांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २००४मध्ये दाखवलं होतं, की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एका अंशाने वाढलं की उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटतं. तो हंगाम म्हणजे आपलं वायंगणच. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, मळणीच्या दिवशी पोती मोजताना कळतं.

म्हणून वायंगणाला पाण्याइतकीच घाई लागते. तरवा ५ ते १० नोव्हेंबरला पडला, लावणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, तर थंडीने पाच-सात दिवस वाढले तरी फुलोरा फेब्रुवारीच्या मध्यावर येतो आणि कापणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकते. आणि हे साधायचं तर सरद वेळेत निघायला हवं. पावसावरचं पीक बिघडलं की त्याचा हिशोब पाण्यावरच्या पिकाला चुकवावा लागतो. तुमच्याकडे नेमकं तेच झालं. दोन हंगाम वेगळे समजून एक तोडून टाकायचा दिराचा बेत म्हणूनच मला पटत नाही. सरद सोडलं तर खेर पावसाळाभर रिकामा पडून तणाने भरेल, चिखलणी दुप्पट महाग पडेल आणि वर्षाचं सगळं धान्य एका कालव्याच्या भरवशावर राहील. तो कालवा वेळेवर सुटत नाही हे तुम्हीच लिहिलंय. कालव्याला मध्येच भगदाड पडलं किंवा तो दुरुस्तीला बंद झाला आणि ती वेळ पोटरीची असली, तर वरून पाऊस येऊन वाचवेल अशीही सोय वायंगणात नाही.

लावणीआधी एक काम करा. जलस्रोत खात्याच्या तुमच्या भागातल्या कचेरीत जाऊन पाण्याची पाळी विचारा: कधी सुटणार, किती दिवसांनी येणार, कधी बंद होणार. एकटीने गेलात तर तोंडी उत्तर मिळेल, वांगडातले, म्हणजे आपल्या गटातले, दहाजण लेखी अर्ज घेऊन गेलात तर तारीख मिळेल. तुमच्या खेरात एका वेळी ५ सेंटिमीटर पाणी भरायला ३५० घनमीटर, म्हणजे साडेतीन लाख लिटर पाणी लागतं. हा आकडा हातात असला की पाळी पुरेल की नाही हे तिथेच बोलता येतं.

पाळीत ताण असेल तर पाणी सतत तुंबवून ठेवण्याची गरज नाही. ३० सेंटिमीटर लांबीचा, १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या. खालच्या २० सेंटिमीटरला चहूबाजूंनी भोकं पाडा, तेवढा भाग जमिनीत गाडा, आतला चिखल काढून टाका. लावणीनंतर पंधरा दिवसांनी सुरुवात करा: शेतातलं पाणी आटू द्या, पाइपात पाणी जमिनीच्या पातळीपासून १५ सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा ५ सेंटिमीटर भरा. पाव हिस्सा पाणी यात सहज वाचतं. दोन ठिकाणी मात्र हे चुकतं. एक, फुलोऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा. तेव्हा पाणी उभंच हवं, कारण पाणी शोषणारं झाड स्वतःला घामासारखं गार ठेवतं आणि त्याने उन्हाचा मार थोडा हलका होतो. दुसरं ठिकाण खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन.

खाजनाचा प्रश्न तुमचा नाही, पण शापोरा, मांडवी, झुआरीच्या काठचे वाचकही हे वाचतील, म्हणून चार ओळी. खाजनात शेत सुकू दिलं की खालचं मीठ केशवाटेने, म्हणजे मातीतल्या बारीक छिद्रांतून, वर येतं. ऑगस्टच्या उघडिपीत तिथे भात करपतं ते तहानेपेक्षा मिठाने. भाताला दर मीटरला साधारण ३ डेसिसायमनपर्यंत (हे खारटपणाचं माप) खारटपणा सोसतो, त्यापुढे दर एका डेसिसायमनला उत्पन्न बाराएक टक्क्यांनी उतरतं. म्हणून पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी दोन-तीन वेळा भरून ओहोटीला मानशीतून (बांधातल्या झडपेतून) बाहेर काढा, मगच पेरा. कोरगूट ही खाजनातली जुनी जात किंवा तिच्यातून जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने निवडलेल्या गोवा धान मालिकेतल्या जाती तिथे टिकतात, ज्योती टिकत नाही. समुद्राची पातळी वाढते तशी ओहोटीला पाणी काढायची वेळ आखडत जाते. त्यामुळे मानशीच्या फळ्या आणि बांधातली कुर्ल्यांची बिळं मे संपायच्या आत दुरुस्त झाली पाहिजेत. हे एकट्या शेतकऱ्याचं काम नव्हे.

आता मोरड आणि बोअर. "तुमच्या उत्साहाला नावं ठेवत नाही, हिशोब मांडते," असं दिरांना सांगा. वायंगणाच्या भाताला हंगामभरात १,२०० मिलिमीटर पाणी धरलं, तर ४,००० चौरस मीटरला ४,८०० घनमीटर लागतात. बोअरने ताशी ५,००० लिटर दिले, आणि हे चांगलं बोअर झालं, तर पंप ९६० तास चालायला हवा: शंभर दिवस, रोज साडेनऊ तास. तेही मोरडीची जमीन खेरासारखं पाणी धरते असं मानून. जांभ्याच्या जमिनीत पाणी खाली झिरपत राहतं, म्हणून खरा आकडा याच्या बराच वर जाईल. शिवाय तो जांभा पावसाळ्यात भरतो तसा उन्हाळ्यात रिता होतो, आणि किनाऱ्याजवळ जास्त उपसा केला तर खारं पाणी आत येतं. बोअर मारायला गोवा भूजल नियमन कायदा, २००२ प्रमाणे परवानगी घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या. भातासाठी बोअर हे कर्ज फेडणारं साधन नाही. हजार चौरस मीटर मिरचीला ठिबकवर साडेचारशे घनमीटरच्या आसपास पुरतात, म्हणजे त्याच पंपाचे नव्वद तास. पाणी मिळालंच तर त्याची जागा तिथे.

मोरडीला हळवी जात द्या, ज्योती नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत-१८४, रत्नागिरी-२४ यांसारख्या जाती १०० ते ११५ दिवसांत येतात. १२ जूननंतर पेरल्या तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत मोकळ्या होतात. मोरडीवर पाऊस थांबला की आठवड्यात भेगा पडतात, त्यामुळे सव्वाशे दिवसांचं भात तिथे शेवटच्या पंधरवड्यात मार खातं. वरच्या, सर्वांत उथळ मातीच्या पट्ट्यात नाचणी लावा. लावणीनंतर जीव धरलेली नाचणी उघडीप भातापेक्षा पुष्कळ सोसते.

ऑगस्टची उघडीप मात्र जातीने टळत नाही, तिला एक संरक्षक पाणी हवं. ४,००० चौरस मीटरला ५ सेंटिमीटर म्हणजे २०० घनमीटर. वर १२ बाय १२ मीटर, खाली ७ बाय ७, खोली अडीच मीटर असं शेततळं सुमारे २३० घनमीटर धरतं. जांभ्यात ते गळणार, म्हणून ५०० मायक्रॉनचं अस्तर घाला आणि अस्तराखालचे टोकदार दगड वेचून मातीचा थर द्या. बहुतेक तळी फुटतात ती तिथेच, आणि दोष अस्तराला देतात. भोवती कुंपण हवंच; गुरं आणि मुलं दोन्ही पडतात. जुलैत भरलेलं तळं ऑगस्टात वापरा, सप्टेंबरात ते पुन्हा भरेल. ते दुसरं पाणी अळसांद्यांसाठी (चवळीसाठी). भात निघताच १० ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, ओल असताना अळसांदे किंवा कुळीथ टाकलेत तर तळ्यातलं एक-दोन वेळचं पाणी पुरतं. नोव्हेंबरअखेर पेरलेले अळसांदे मोरडीवर बिचारे वीतभरच वाढतात. भटक्या गुरांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या भागात भाताच्या पाठचं पीक बंद पडलं ते पाण्यापेक्षा गुरांमुळे. शेजारच्या चार मोरडीवाल्यांनी एकत्र पेरलं आणि एकच कुंपण घातलं, तरच हे परवडेल.

काजूचं म्हणाल तर नवऱ्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. उताराचा, मातीचा थर नसलेला भाग असेल तिथे काजूच बरा. ७ बाय ७ मीटरवर साऱ्या मोरडीत ऐंशी झाडं बसतील. पण "लावून मोकळे" ही कल्पना सोडा. कलमांना हाती लागेल असं पीक यायला तीन-चार वर्षं जातात, आणि डिसेंबर-जानेवारीत मोहरावर ढग राहिले किंवा अवकाळी पाऊस पडला की ढेकण्या आणि बुरशी मोहर जाळतात. हवामानाची धास्ती काजूलाही आहे, वर्षाच्या वेगळ्या महिन्यात एवढंच. बांध घातलेले सपाट वाफे काजूखाली घालवू नका. ते पुन्हा करायला जेसीबीचे पैसे मोजावे लागतील.

कापणीबद्दल शेवटचं. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापा, सगळं सोनेरी व्हायची वाट बघू नका. त्याआधी आठ-दहा दिवस शेतातलं पाणी काढा, नाहीतर यंत्र रुततं. मळणी त्याच दिवशी. ओल्या भाताचा ढीग रात्रभर राहिला तरी आतून तापतो आणि दाणा पिवळा पडतो. दोन-तीन सेंटिमीटरचा थर पसरून सतत परतत राहा, ओलावा १४ टक्क्यांवर आला की पोत्यात भरा. यंत्र एकट्या ७,००० चौरस मीटरांसाठी गावात येत नाही, म्हणून शेजाऱ्यांबरोबर जात आणि पेरणीचा आठवडा एकच ठेवा. एवढं करून पाऊस आलाच, तर झोपलेल्या भाताचे फोटो हात लावण्याआधी काढा. पीक विमा असेल तर ७२ तासांत कळवा, आणि शेतकरी आधार निधीसाठी कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात अर्ज द्या. कृषी कार्ड कोणाच्या नावावर आहे ते आत्ताच बघून ठेवा. पुष्कळ घरांत ते वारलेल्या आजोबांच्या नावावर निघतं.

या वर्षी सगळं एकदम बदलू नका. तरव्याची तारीख, मोरडीची जात आणि वायंगणाचा नोव्हेंबर, एवढ्या तिघांना दमडीचा खर्च नाही, ते आधी. तळं पुढच्या वर्षी. दिराशी भांडण नको, त्यांना एक काम सांगा: बोअरचा अर्ज भरण्यापूर्वी मोरडीच्या आसपासच्या दोन विहिरींत मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचं, सकाळी एकदा आणि दोन तास पंप चालवून पुन्हा एकदा. दोन्ही आकडे वहीत लिहून घरी आणू देत, मग कर्जाचं बोला.